उचल, खाडा आणि अनुवादाचा चोविसावा अध्याय

बायबलच्या आधारे आजच्या संस्कृतीची समीक्षा करायची म्हटले की आमच्याकडचे बहुतेक उपदेश मुलींचे कपडे, चित्रपट आणि मोबाइल यांच्याभोवतीच फिरत राहतात. त्यावर बोलूच नये असे माझे म्हणणे नाही. परंतु मजुरी, गहाणवट आणि खोटी मापे यांविषयी मोशेचे नियमशास्त्र व संदेष्टे ज्या कठोरपणे बोलतात, तो कठोरपणा मराठवाड्यातल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांचेच पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे कामाचे एक एकक, धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एखादे दिवशी तापाने किंवा पाळीच्या त्रासाने बाई फडात गेली नाही, तर खाडा पडून त्याचा दंड हिशेबात चढतो. या धाकाने ऐन तरुणपणी गर्भपिशवी काढून घेतलेल्या स्त्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा मात्र दास-दासींनाही धन्यासारखाच विसावा मिळावा असे स्पष्ट सांगते आणि त्याचे कारणही देते: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता. रविवारी दुकान उघडावे की नाही यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आपल्याला खाड्याचा दंड हा शब्बाथाचा भंग वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

चोविसावा अध्याय तर याहून बारकाईने लिहिलेला आहे. कोणाचे जाते गहाण घेऊ नये, कारण त्यावर त्याचे पोट चालते. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी चुकती करावी. आणि कर्ज देणाऱ्याने गहाण वस्तू आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, त्याने बाहेर थांबावे आणि ऋणकोने ती स्वतः आणून द्यावी. कर्जदारालाही उंबरठा असतो आणि सावकाराने तो ओलांडायचा नसतो, हे त्या नियमाचे मर्म आहे. कर्ज देणारी मोबाइल अॅप्स नेमकी इथेच आत शिरली: कर्जदाराच्या फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक काढून त्यांना फोन करण्यापर्यंत काहींची मजल गेली, आणि अखेर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला डिजिटल कर्जांच्या नियमावलीत संपर्क-यादीला हात लावण्यास मनाई करावी लागली.

अर्थात बायबल हाती घेतले म्हणजे निवाडा सोपा झाला, असे होत नाही. हेच नियमशास्त्र परक्याकडून व्याज घेण्याची मुभा देते, आणि ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाच्या, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षाच्या, मुक्ततेशेजारीच परदेशी दास ठेवण्याची परवानगीही आहे. या ओळी गाळून केलेले वाचन मला प्रामाणिक वाटत नाही. मी त्या संदेष्टा आमोस आणि नव्या करारातील पत्रलेखक याकोब यांच्यासमोर ठेवून वाचतो. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे याकोब थेट श्रीमंतांना बजावतो.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या वस्तीचे नाव बेथेल. आमोसाच्या पुस्तकातही बेथेल आहे, पण तिथे ते राजाचे पवित्रस्थान आहे. माप लहान करून दाम वाढवणाऱ्यांवर आणि वहाणांच्या एका जोडाकरिता गरिबाला विकत घेणाऱ्यांवर कोरडे ओढणाऱ्या आमोस या मेंढपाळाला तिथल्या याजकानेच, यहूदात जा आणि तिथे भाकर खा, असे सुनावले. उचल देणारे मुकादम आणि उसाचे बागायतदार ज्या मंडळीत (चर्चमध्ये) पुढच्या बाकांवर बसतात, तिथे आमोसावर उपदेश करणाऱ्या पाळकाला आपण काय सुनावू, याची मला शंका आहे.