मुरंबा चालेल, उटणं चालणार नाही

मागच्या बुधवारी रात्री मी जेवलेच नाही, इतका राग आला होता. आणि कारण काय, तर उटणं. हो, आपलं दिवाळीचं उटणं.

झालं असं की इथे जर्मनीत लेकाच्या किंडरगार्टनमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिसमसचा छोटा बाजार भरतो, पालक घरून काही ना काही करून आणतात, विकतात आणि ते पैसे मुलांच्या झोपाळ्या-घसरगुंडीसाठी जातात. यंदा दिवाळीच्या आधी मामेभाऊ ऑफिसच्या कामानं फ्रँकफर्टला आला, त्याच्याबरोबर आईनं दोन किलो उटणं धाडलं. मी पाव किलो म्हटलं होतं, पण आईला पाव किलो ऐकूच येत नाही. मग मला वाटलं, झकास, बाजारात ठेवू या. घरात एक जुनं खणाचं कापड होतं ते कापून पुरचुंड्या शिवल्या, प्रत्येकीत पन्नास ग्रॅम, वर सोनेरी दोरा, अशा तीस पुरचुंड्या, दोन रात्री जागून. सगळं घर इंदूरच्या नरकचतुर्दशीसारखं दरवळत होतं, नवरासुद्धा म्हणाला की आता फक्त पणत्या आणि थंडगार बाथरूम तेवढं कमी आहे.

पालकसमितीतल्या बाईनं पुरचुंडी नाकाशी धरली, डोळे मिटले, किती सुंदर वास आहे म्हणाली. मग विचारलं, हे खायचं की अंगाला लावायचं? म्हटलं लावायचं. झालं, तिथेच सगळं फिस्कटलं. अंगाला लावायची वस्तू म्हणजे कॉस्मेटिक, आणि कॉस्मेटिक विकायचं तर आधी तज्ज्ञाकडून सुरक्षिततेचा रिपोर्ट हवा, युरोपच्या पोर्टलवर नोंद हवी, जबाबदार माणसाचं नाव-पत्ता हवा, पाकिटावर घटकांची यादी हवी. चॅरिटीचा बाजार असला म्हणून सूट नाही, घरी केलेला साबणसुद्धा चालत नाही. आणि जाता जाता अगदी प्रेमानं म्हणाली, तू गुलाबाचा मुरंबा आण ना, मुरंबा चालेल!

म्हणजे बघा, गुलाब पोटात गेला तर चालतो, तोच गुलाब दोन मिनिटं हाताला चोळून धुऊन टाकला तर चालत नाही. मी तिथे काही बोलले नाही, हसून पुरचुंड्या पिशवीत भरल्या आणि घरी येऊन नवऱ्यावर सगळा राग काढला. आमच्या आज्या-पणज्यांनी लावलं, माझ्या लेकाला सव्वा महिन्याचा असल्यापासून डाळीचं पीठ आणि साय लावून अंघोळ घातली, त्याची त्वचा कशी आहे बघा म्हणावं, आणि आम्हाला कागद मागतात? त्यात मी इंदूरची. २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिला नंबर सोडला नाही आम्ही, मला कुणी स्वच्छतेवर शंका घेतली की फार लागतं. तिनं शंका घेतली नव्हती हे आता कळतं, पण त्या रात्री मला तेच ऐकू आलं होतं.

खरा राग वेगळाच होता. इथल्या कुठल्याही ड्रगस्टोअरमध्ये जा, क्रीमच्या कपाटात अर्ध्या बाटल्यांवर आपल्याच स्वयंपाकघरातल्या वस्तूंची चित्रं असतात, हळद काय, आवळा काय, कडुनिंब काय. आणि गेली काही वर्षं सगळ्यात तोरा कुणाचा तर बाकुचिओलचा. रेटिनॉलला, म्हणजे क्रीममधल्या अ जीवनसत्त्वाला, वनस्पतीतला पर्याय, सुरकुत्या कमी, डाग कमी, गरोदरपणात रेटिनॉल नको म्हणतात तेव्हा बायका हे घेतात. मी एकदा तीस मिलीची बाटली हातात घेतली, ३४ युरो. बाकुचिओल म्हणजे कोण? बाकुची. म्हणजे आपली बावची! आईच्या उटण्यात पडते तीच, ते काळे चपटे दाणे, लहानपणी मी त्यांना मुंग्यांची अंडी म्हणायचे.

आणि ऐका, हा पदार्थ बावचीच्या बियांतून पहिल्यांदा वेगळा कुणी काढला? १९६६ साली गोवर्धन मेहता, नायक आणि सुख देव यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या एनसीएलमध्ये. २०१९ मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये चाचणी छापून आली, ४४ माणसं, बारा आठवडे, अर्ध्यांना बाकुचिओल, अर्ध्यांना रेटिनॉल, फरक दोन्हीकडे सारखाच पडला आणि आग होणं, साल निघणं रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. त्यानंतर हे जगभर गाजलं. मग मला सांगा, पुण्यात शोधलेली वस्तू तुम्ही ३४ युरोला विकणार आणि माझ्या आईची बावची पन्नास ग्रॅमच्या पुरचुंडीत बसून राहणार?

रात्री साडेअकराला हे सगळं मनात घोळवत मी ठरवलं, रिपोर्टच करून घेते. बिघडलं काय! दुसऱ्या दिवशी एका लॅबला मेल टाकला, त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं, अगदी नीट, दोनशे युरोंच्या वर खर्च, आणि त्याआधी प्रत्येक घटकाचं नाव, टक्केवारी आणि तो कुठून आला त्याचा कागद पाठवा. माती असेल तर शिसं, आर्सेनिक अशा धातूंची तपासणी वेगळी.

म्हणून आईला फोन केला. आई योगायोगानं त्याच दिवशी राजवाड्याकडे जाणार होती, म्हणाली तिथल्या मारोठिया बाजारातून व्हिडिओ कॉल करते. केला. ते दुकान, त्या उघड्या गोण्या, वर टांगलेल्या शिकेकाईच्या माळा, लोखंडी खलाचा ठणठण आवाज, मला इतकं भरून आलं की दोन मिनिटं मी काय विचारायचं तेच विसरले. मग म्हटलं, आई, त्यांना विचार उटण्यात काय काय असतं आणि किती किती.

पंसारी, म्हणजे ते जडीबुटीचे दुकानदार, हसले. "अरे दीदी, वोई डलता है जो आपकी दादी के टाइम से डल रहा है." आई पण मला म्हणाली, "अगं प्रमाण कसलं विचारतेस, ते हातानं उचलून टाकतात. त्यांच्या हाताला अंदाज आहे."

तरी नावं उतरवून घेतली. मुलतानी माती, मसूर, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला, जटामांसी, अनंतमूळ, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, बावची. मी म्हटलं चंदन राहिलं की. तेव्हा ते जरा थांबले आणि सरळ म्हणाले, "असली चंदन इस भाव में कहाँ आएगा दीदी, खुशबू वाला बुरादा है." कुठली खुशबू? ते त्यांनाही माहीत नाही, डबा बंद येतो.

आईचा चेहरा मला स्क्रीनवर दिसला. वीस वर्षं ती लोकांना सांगत आलीय, आमच्या उटण्यात खरं चंदन असतं. पंसारीबुवांना मी दोष देत नाही, त्यांनी विचारल्यावर खरं सांगितलं, आम्हीच कधी विचारलं नव्हतं आणि चंदनाचा भाव काय आहे तो काय आपल्याला ठाऊक नाही का.

पण मग माझी फाईल उघडीच राहिली ना. इथे सुवासाच्या बाबतीत फारच कडक. लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल अशी ॲलर्जी होऊ शकणाऱ्या सुवासद्रव्यांची सव्वीस नावं ठराविक मात्रेच्या वर असली तर पाकिटावर छापावीच लागायची, २०२३ च्या नव्या नियमानं ती यादी ऐंशीच्या वर गेली. आणि ती नावं नैसर्गिक सुवासालाही लागू. गुलाबाच्या खऱ्या तेलातसुद्धा जेरॅनिऑल असतंच, म्हणून तेही छापायचं. नैसर्गिक म्हणून माफी नाही. मला आधी हे बघून हसू यायचं, एवढी महागडी नैसर्गिक क्रीम आणि मागे बारीक अक्षरात केमिस्ट्रीचं पुस्तक. शिवाय नैसर्गिक या शब्दाला इथल्या कायद्यात व्याख्याही नाही, त्यासाठी कॉसमॉस, नाट्रू असे खाजगी शिक्के आहेत, म्हणजे तिथे ढिलाई चालते आणि माझ्या पुरचुंडीला नाही, हा राग माझा अजून आहे.

बावचीचं वाचायला बसले तेव्हा मात्र जरा गप्प झाले. बावचीच्या बीमध्ये बाकुचिओल असतं तसं सोरालेनही असतं. सोरालेन त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा जास्त भाजते, काळवंडते, फोडही येऊ शकतात. म्हणून तर कोडाच्या उपचारात सोरालेन देऊन मोजून-मापून अल्ट्राव्हायोलेट किरण देतात. इथल्या नियमात उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्ये या जातीचे पदार्थ किलोला एक मिलिग्रॅमच्या खाली पाहिजेत. ३४ युरोच्या बाटलीत सोरालेन काढून टाकून शुद्ध केलेलं बाकुचिओल घातलेलं असतं. आईच्या उटण्यात दोन्ही सख्ख्या भावंडांसारखी एकत्र.

मला एकदम ताईच्या लग्नाचा मे महिना आठवला. रंग उजळावा म्हणून महिनाभर रोज उटणं लावलं होतं मी, दाट, मानेवर आणि हातांवर, दुधात कालवून, आणि लगेच स्कूटी घेऊन खरेदीला. लग्नाच्या फोटोत माझ्या मानेवर तपकिरी पट्टा आहे. सगळे म्हणाले इंदूरचं ऊन. असेलही ऊनच. बावची चिमूटभर, शिवाय आपण उटणं धुऊन टाकतो, अंगावर ठेवत नाही, आणि दिवाळीत तर पहाटे अंधारात लावतो, वर्षातून एकदा, तेव्हा कुणाला काय होणार आहे. हे मी स्वतःला सांगितलं आणि अजूनही मला ते बरोबरच वाटतं. पण मी ज्या बायकांना पुरचुंड्या विकणार होते, त्यांना हे कुणी सांगितलं असतं? त्यांनी जुलैत बागेत उन्हात पडायच्या आधी लावलं असतं तर?

शनिवारी शेजारच्या आजींकडे गेले. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, पक्क्या श्वाबिश, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेनच्या, पैसा आणि पाणी वाया गेलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या सिंकजवळ एक बरणी होती, आत पिवळट पाणी आणि पांढरे तुकडे. म्हटलं हे काय? त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बरणी दोन-चारदा जोरात हलवली, वरपर्यंत फेस! ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर पडतात ना त्या रानटी चेस्टनटच्या बिया, त्या वेचून, चिरून, वाळवून ठेवतात, लागतील तशा पाण्यात भिजवतात आणि त्यानं कपडे धुतात. मी तो फेस बोटावर घेतला, अगदी रिठ्याचा. दोन बोटांत चोळला की तसाच बुळबुळीत, तसाच लगेच विरणारा. शाळेतून आले की रिठे फोडून द्यायचं काम माझं असायचं, आजीचे केस आणि साड्या दोन्ही त्यातच धुतल्या जायच्या. घरी येऊन बघितलं तर ही दोन्ही झाडं वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली निघाली, रिठ्याच्याच कुळातली.

निघताना त्यांनी माझे फुटलेले हात बघितले, इथे थंडीत कातडी अशी तडकते की आपली हिवाळ्यातली टाच बरी, आणि आतून एक छोटी काचेची डबी आणली. कॅलेंड्युलाची फुलं घालून केलेलं मलम, पिवळंधमक. दरवर्षी करतात, त्यांच्या आईची पद्धत. मी हात पुढे केला तर त्यांनी डबी मागे घेतली आणि म्हणाल्या, थांब, यात डुकराची चरबी आहे, तू मांस खात नाहीस ना, तुला लावायचं नसेल.

मी विचारलंही नव्हतं. विचारायचं सुचलंही नसतं, फुलांचं मलम म्हटल्यावर मी ते लेकाच्या गालाला पण लावलं असतं.

नाही घेतलं मी, त्यांनाही वाईट वाटलं नाही. मग आमच्या गप्पा रंगल्या, मी त्यांना शतधौत घृताबद्दल सांगितलं, तूप तांब्याच्या भांड्यात पाण्यानं शंभर वेळा फेटून धुतात ते, त्यांना शंभर वेळा म्हणजे खरंच शंभर वेळा का ते तीनदा विचारायचं होतं. आणि बाजाराचा विषय निघाला तर म्हणाल्या, हे मलम तिथे कधीच ठेवता येत नाही, मी फक्त ओळखीच्यांना देते, आत काय आहे ते सांगून. म्हणजे नियम एकट्या माझ्या उटण्याला नव्हता. हे ऐकून राग बराचसा उतरला. सगळा नाही. मुरंब्याचं अजून पटलेलं नाही मला.

त्यांना मी दुसऱ्या दिवशी एक पुरचुंडी दिली. आधी वहीच्या कागदावर सगळी नावं जर्मनमध्ये लिहिली, दोन तास लागले, गव्हल्याला शब्द सापडेना म्हणून सुवासिक बी असं लिहिलं, चंदनाच्या जागी लाकडाचा भुसा आणि सुवास, आणि बावचीसमोर लिहिलं की लावल्यावर उन्हात जाऊ नये. नोव्हेंबरात इथे ऊन कुठलं म्हणा.

येत्या शनिवारी बाजार आहे. मुरंबा मी करणार नाही, चकल्या नेतेय, पाटीवर तीळ असं मोठ्या अक्षरात लिहिणार आहे, कारण ते इथे ॲलर्जीच्या यादीत आहेत.

आणि काल आईचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर तिच्या अक्षरात पुढच्या दिवाळीचं उटणं. मुलतानी माती पाव किलो, मसूर पाव किलो, नागरमोथा पन्नास ग्रॅम, असं सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. बावचीवर आडवी रेघ मारलेली. चंदनाच्या पुढे वजन नाही, फक्त लिहिलंय, सहाणेवर, घरचं, आजीचं खोड अजून चार बोटं शिल्लक आहे.