तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसच्या विहिरींनी मासे मरतात का?

“तुमच्याकडे जमिनीत केमिकल सोडून गॅस काढतात म्हणे. त्यानं नदीतले मासे मरत नाहीत का?” सांगलीला गेले की हा प्रश्न ठरलेला. इथे अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गमध्ये, गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतही कुणीतरी विचारतंच. ओढ्यांतले किडे आणि शिंपले गोळा करून मोजणं हे माझं काम, त्यामुळे मला उत्तर ठाऊक असणार असं लोक धरून चालतात. सांगलीकर विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्णा असते. मळीमिश्रित पाणी आलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे तोंड वर काढून तडफडतात आणि सकाळी काठाला खच पडलेला असतो. पेपरात फोटो येतो, पंचनामा होतो. नुकसान म्हणजे खच, हे आपल्याकडे पक्कं बसलंय.

तर उत्तर असं, की कधीकधी मरतात. पण मेलेले मासे शोधत बसलात तर बरंचसं नुकसान तुम्हाला दिसणारच नाही. आणि ज्या ‘केमिकल’ची सगळ्यांना धास्ती असते, त्याच्यापेक्षा मला मिठाची भीती जास्त वाटते.

आधी केमिकलचं सांगते. आमच्या पायाखाली दीड-दोन किलोमीटरवर मार्सेलस नावाचा शेल खडक आहे. त्यातला गॅस मोकळा करायला एकेका विहिरीत कोटी-दीड कोटी लिटरच्या वर पाणी प्रचंड दाबानं सोडून खडक फोडतात. यालाच फ्रॅकिंग किंवा ‘विहीर फोडणं’ म्हणतात. त्यात वाळू असते, आणि साधारण अर्धा ते दोन टक्के रसायनं. टक्का छोटा वाटतो, पण दीड कोटीचा एक टक्का म्हणजे दीड लाख लिटर होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१६च्या अहवालात या कामी वापरल्या गेलेल्या १,०८४ रसायनांची नोंद केली. एका विहिरीत अर्थातच त्यातली मोजकीच जातात. सिमेंट आणि खडक धुऊन काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड, पाइपातलं घर्षण कमी करायला पॉलिॲक्रिलामाइड, आणि जंतू मारायला ग्लुटराल्डिहाइड, ज्यानं हॉस्पिटलात एन्डोस्कोप निर्जंतुक करतात. हे शेवटचं मुळात सजीव मारण्यासाठीच घातलेलं असतं, त्यामुळे ते ओढ्यात गेल्यावर काय करेल हे वेगळं सांगायला नको.

यादीत आपली गवारही आहे, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वाळू पाण्यात तरंगत राहावी म्हणून गवारीच्या बियांचा डिंक घालून ते पाणी घट्ट करतात. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात. २०१२मध्ये अमेरिकेतल्या विहिरींपायी गवारीचे भाव इतके भडकले, की सरकारला वायदेबाजार थांबवावा लागला. गवार विषारी नाही, आपण तिची भाजी खातो. पण तो डिंक ओढ्यात गेला तर जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. म्हणजे आपल्या मळीचीच गोष्ट.

केमिकलनंच मासे मेल्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण केंटकीतलं आहे. नॉक्स काउंटीत एकॉर्न फोर्क नावाचा ओढा आहे. २००७च्या मे-जूनमध्ये त्याच्या काठी चार विहिरी फोडण्याचं काम चाललं होतं. तिथलं वापरलेलं पाणी साठवायचे खड्डे भरून वाहिले आणि सगळं ओढ्यात उतरलं. पाण्याचा सामू (पीएच) ७.५वरून ५.६वर आला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं. क्षार किती आहेत हे सांगणारी वाहकता २००वरून ३५,००० झाली. बराच पट्टा निर्जीव झाला. तिथे ब्लॅकसाइड डेस नावाचा बोटाएवढा मासा राहतो, मूळचा फक्त कंबरलँड नदीच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांतला. अभ्यासकांनी ओढ्यातले दुसऱ्या जातींचे मासे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांच्या कल्ल्यांवर जखमा होत्या. आम्लामुळे ॲल्युमिनियम आणि लोखंड पाण्यात विरघळून कल्ल्यांवर बसतं, तशा. कंपनीनं गुन्हा कबूल केला. दंड झाला ५०,००० डॉलर. इतक्यात इथे एक बरी गाडी येते.

पण अशी उदाहरणं कमी. रोजची अडचण खाली काय सोडलं याची नसते, वर काय आलं याची असते. मार्सेलस हा जवळजवळ ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ. विहीर फोडली की गॅसबरोबर तिथलं खारं पाणी वर येतं, आणि येतच राहतं. ते समुद्राच्या पाण्याहून पाच-सहा पटींनी खारट असू शकतं. शिवाय त्यात ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि किरणोत्सर्गी रेडियम. हे कुणी घातलेलं नाही, खडकातलंच आहे. म्हणून “आम्ही आता निर्धोक रसायनं वापरतो” असं कंपन्या सांगतात तेव्हा मी मान डोलावते आणि वर आलेल्या पाण्याचं काय करता ते विचारते.

गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा मीठ जास्त असतं. त्यामुळे पाणी सारखं आत शिरतं आणि मीठ बाहेर झिरपतं. मासा दिवसभर पातळ लघवी करून पाणी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून मिठाचा कण न् कण परत आत ओढतो. ही सगळी यंत्रणा एकाच दिशेनं बसवलेली. बाहेरचं पाणी खारावलं की तिचा हिशेब चुकतो. मोठे मासे बराच काळ निभावून नेतात, किंवा सरळ पोहून निघून जातात. दगडाखालच्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीला ते जमत नाही. शिंपल्याला तर नाहीच.

शिंपल्यांबद्दल मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगते. इथल्या अलेघेनी नदीत नॉर्दर्न रिफलशेल नावाचा शिंपला आहे, १९९३पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत. त्याची पिल्लं काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मग सुटून वाळूत बसतात. नेमकी ही पिल्लंच क्लोराइडला सर्वांत हळवी. म्हातारे शिंपले जिवंत, मासे पोहतायत, नदी नितळ, आणि नवी पिढी मात्र जन्मतच नाही, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. याचा फोटो काढता येत नाही.

पूर्वी हे खारं पाणी सरळ नदीकाठच्या शुद्धीकरण केंद्रांत जायचं. तिथे धातू बरेचसे निघत, मीठ तसंच पुढे जाई. २०११च्या एप्रिलमध्ये पेन्सिल्व्हेनिया सरकारनं कंपन्यांना शेलमधल्या विहिरींचं पाणी तिथे नेणं थांबवायची विनंती केली, आणि ते बहुतांशी थांबलं. (मुख्य म्हणजे विनंती केली, आदेश नाही.) पण २०१३मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ब्लॅकलिक क्रीकमधल्या अशा एका केंद्राच्या तोंडाशी गाळ तपासला, तर त्यात वरच्या अंगापेक्षा सुमारे २०० पट रेडियम निघालं. पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी अलेघेनीतले शिंपले कापून पाहिले. शिंपल्याचं कवच दर वर्षी एकेक थरानं वाढतं, आणि त्या वर्षीच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम त्या थरात अडकून राहतं. शेलचं पाणी बंद झाल्यावर स्ट्रॉन्शियम झटकन उतरायला हवं होतं. कवचांत ते पुढची कित्येक वर्षं चढंच राहिलं. गाळात मुरलेलं हळूहळू बाहेर येत होतं.

मग सगळा दोष मिठाचाच का? नाही. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात गॅसच्या विहिरीतून वर आलेलं पाणी एक टक्क्याहूनही कमी मिसळून त्यात डॅफ्निया ठेवले. हे टाचणीच्या डोक्याएवढे जीव लहान माशांचं मुख्य खाणं. त्यांची पिल्लं कमी झाली, आणि तेवढ्याच खारट साध्या पाण्यात ठेवलेल्यांपेक्षा परिणाम जास्त दिसला. म्हणजे तेलकट सेंद्रिय भागही काम करत होता. झेब्राफिश या मूळच्या आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेकडच्या माशाची अंडी त्यांनी थोडा वेळ अशा पाण्यात ठेवली, तर पुढे त्या माशांचा पोहण्याचा दम कमी पडला. मेले नाहीत. पण नदीत दम कमी असलेला मासा फार दिवस टिकत नाही, तो कुणाच्या तरी पोटात जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. २००९च्या सप्टेंबरात इथल्या डंकर्ड क्रीकमध्ये सत्तरएक किलोमीटरभर मासे-शिंपले मेले आणि सगळ्यांनी गॅसवाल्यांकडे बोट दाखवलं. मारलं होतं सोनेरी शेवाळानं, आणि ते फोफावलं ते मुख्यतः कोळसा खाणीच्या खाऱ्या पाण्यावर. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतो ते मीठही ओढ्यांतच जातं. म्हणून वाहकता वाढली एवढ्यावर मी कुणावर आरोप करत नाही. ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम पाहिल्याशिवाय मीठ कुठलं ते कळत नाही. मात्र २०१८पर्यंत याच राज्यात कच्च्या रस्त्यांची धूळ बसावी म्हणून जुन्या तेल-गॅस विहिरींचं खारं पाणी सरकारी परवानगीनं शिंपडत होते, हे ऐकल्यावर पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

शेवटी “मग गॅस वापरायचाच नाही का?” हे येतं. विचारणाऱ्यांच्या घरी पुण्या-मुंबईत पाइपगॅस आलेला असतो. अमेरिकेशी केलेल्या दीर्घ करारातला पहिला द्रवरूप गॅस मार्च २०१८मध्ये आपल्या दाभोळलाच उतरला होता, तेव्हा हा विषय तिथूनही फार लांबचा नाही. मी स्वतः गॅसवरच स्वयंपाक करते. मला खटकतं ते वेगळंच. डेलावेअर नदीच्या खोऱ्यावर फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कसकट कोटीभराहून जास्त लोकांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे. तिथे २०२१मध्ये फ्रॅकिंगवर पूर्ण बंदी आली. आमची अलेघेनी फिलाडेल्फियाच्याच राज्यात, पण डोंगराच्या या बाजूला. तिला ती बंदी लागू नाही. रिफलशेल मात्र या बाजूलाच राहतो.