आण्णांची खिडकी, आईचा पंप आणि माझी गन

माझं काम एसी दुरुस्तीचं. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, ओळखीतलं गिऱ्हाईक असेल तर ठाण्यापर्यंत. फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात, "दादा, गारच होत नाहीये." जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला, दोन हातांवर समोरच्याचं आउटडोअर, मध्ये कोंडलेली गरम हवा. खोलीतली उष्णता बाहेर टाकायची, पण बाहेरच जागा नाही. मग कॉम्प्रेसर जोर लावतो. क्लॅम्प मीटर लावला की कळतं. जानेवारीत साडेपाच अँपिअर घेणारा साधा दीड टनी मे महिन्यात सातच्या वर जातो.

आण्णांच्या छातीतही तेच चालतं, हे मला गेल्या मे महिन्यात समजलं.

आण्णा माथाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म गोणी वाहिल्या. २०१९ ला हृदयात दोन स्टेंट पडल्या. आई गावी पाटणला चुलीपुढे, आमची शाळा संपल्यावर इकडे आली. येताना दमा घेऊन आली असं आम्ही म्हणायचो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, तोही तिने आयुष्यात बिडीला हात लावला नसताना. आमचं घर माथाडी वसाहतीत, सगळ्यात वरचं, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिना आण्णांचा वैरी, जानेवारी आईचा. त्यामुळे आमच्याकडे एका खिडकीवरून वर्षभर भांडण असतं.

तर गेल्या मे महिन्यात दुपारी झोपेतून उठून आण्णा टाकी बघायला गच्चीवर निघाले आणि जिन्यातच बसले. डोळ्यांपुढे अंधारी. बीपी ९६/५८. एरवी १३५ च्या खाली न येणारा माणूस! डॉक्टरबाईंनी गोळ्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "ही पाण्याची गोळी अजून पूर्णच चालू आहे?" मग समजावून सांगितलं. उकाड्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंगातली उष्णता बाहेर टाकायला रक्त तिकडे धावतं. दाब उतरतो, तो सावरायला हृदय ठोके वाढवतं. त्यात घामातून पाणी आणि मीठ जातं, वरून गोळीही लघवीवाटे पाणी काढते. मला डोळ्यांपुढे आउटडोअरच दिसत होतं. कातडी म्हणजे आपलं आउटडोअर. बाईंनी गोळी अर्धी केली, सप्टेंबरात पुन्हा पूर्ण केली. आमच्या गल्लीत एकाने हेच ऐकून स्वतःच्या मनाने गोळी बंद केली आणि पाय सुजवून घेतले, म्हणून हे विचारल्याशिवाय करू नका.

आपल्याकडे दुसरी गोम घामाची. घाम आला म्हणजे अंग गार होत नाही, वाळला तर होतं. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. विदर्भातला पाहुणा ४४ च्या गप्पा मारतो आणि इथल्या ३५ ला हैराण होतो. हवामान खातंसुद्धा मैदानी भागात किमान ४० धरतं, पण किनाऱ्यावर ३७ ला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं की उष्णतेची लाट म्हणतं. १६ एप्रिल २०२३ चा रविवार मी विसरणार नाही. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला उघड्या उन्हात लाखो माणसं बसली होती, पारा ३८ च्या आसपास. १४ जण गेले. त्या दुपारी मी बेलापूरला एका छज्जावर गॅस भरत होतो. तासभरात दोनदा खाली उतरून भिंतीला टेकून बसलो, आणि मी तर धडधाकट माणूस.

आता आईचा जानेवारी. आण्णांना मार्केटची सवय, पहाटे चारला उठणार, गार पाण्याने अंघोळ करणार आणि खिडकी सताड उघडणार. "आरं, सकाळची हवा हाय, औषध हाय ती!" ही गावची गोष्ट झाली. इथे थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वरची गरम हवा तिच्यावर झाकण घालते. सायन-पनवेल हायवेचा धूर, एमआयडीसीचा धूर, कुणी पेटवलेला कचरा, सगळं झाकणाखाली. खिडकी उघडली की ते आईच्या छातीत. शिवाय गार हवेने श्वासनळ्या आवळतात त्या वेगळ्याच. पंप मारून ती पलंगावर गुडघ्यांवर हात ठेवून बसते, खांदे वर-खाली होत राहतात, बोलायचं असलं की दोनच शब्द. आता थंडीत खिडकी नऊनंतर उघडते. आण्णांची गार अंघोळही बंद केली, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. बीपीच्या वहीत दिसतंच, जानेवारीची सकाळ १५८/९२.

"घरात एसीवाला असून एसी नाही?" असं विचारू नका. आहे. गिऱ्हाइकाने काढून टाकलेला, मी बसवलेला. पण गिऱ्हाइकं १६ वर लावतात तसा आम्ही लावत नाही. २०२० पासून नवीन एसी चालू करताना २४ वर यावेत असा नियमच आहे, तरी लोकांचं बोट पहिल्यांदा खालच्या बाणावर जातं. बाहेरून घामाने भिजून आलेली आई त्या झोतात गेली की खोकला सुरू. आमच्याकडे २७ आणि वर पंखा हळू.

परवाची गोष्ट. मार्च नुकता लागलाय, पूर्वेचा वारा सुटलाय, त्यामुळे समुद्राचा वारा दुपारी उशिरा पोचतो. टीव्हीवर ३७ सांगितलं. रात्री ११ ला मी बॅगेतली तापमानाची गन काढून छताला धरली, ३९. बाहेर २६ असेल. दिवसभर खाल्लेलं ऊन स्लॅब रात्री आमच्यावर ओकतो. बाहेर गार झालं तरी वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या हृदयाची ड्यूटी सुटत नाही.

आण्णा म्हणाले, "माझ्या कपाळाला लाव बघू." लावली. ३५.

"म्हंजी ताप घराला हाय. औषध घराला द्या की."

काल दुपारी ते रिक्षातून मार्केटात गेले आणि पंचवीस-तीस बारदानं घेऊन आले. संध्याकाळी गच्चीवर अंथरून पाणी मारलं. रात्री ११ ला छत ३५. मी दोनदा गन धरून बघितलं.

फक्त अंथरायच्या आधी त्यांनी ती झटकली. सगळी धूळ जिन्यातून खाली आली, आईला दोनदा पंप घ्यावा लागला. "आधी भिजवा, मग उलगडा की ओ," ती दम खात म्हणाली. आज तसंच केलं. आता जिन्यात ओल्या कांद्याचा वास आहे आणि खालच्या मजल्यावरची काकू विचारतायत, कुणाची गोणी सडली म्हणून.