कृष्णाकाठी एक दिवस

काल आईला घेऊन वाईला जाऊन आलो. रात्री उशिरा सोलापुरात गाडीतून उतरलो तर गरम हवा तोंडावरच आली. दिवसभर कुठं होतो ते तेव्हा कळलं!

ढोल्या गणपतीला बघून आई म्हणाली, "अगंबाई, केवढा हा!" मी मात्र देवळाच्या मागं गेलो. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. १७६२ साली पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं देऊळ, कृष्णेचे पूर झेलत अजून उभं आहे. हात लावून बघितला, भर उन्हात दगड गार.

मग वाईजवळचं मेणवली गाव. नाना फडणवीसांचा वाडा घाईतच पाहिला, भूक लागली होती (खोटं कशाला बोलू). घाटाच्या पायरीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडली. तिथल्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी. आई निरखून म्हणाली, "यशोदा आहे की रे."

मी काही बोललो नाही.

पाचगणी राहिलीच. निघताना गाडीतून पांडवगड दाखवायला वळलो, तर आई झोपलेली.