टाकसाळीच्या भिंतीवरचा शिल्पकार

पूर्व जर्मनीची नाणी मला एरवी रुक्ष वाटतात. ॲल्युमिनियमची चिल्लर तर भातुकलीतलीच. पण १९८९ चं एक दहा मार्कांचं चांदीचं नाणं इथे बर्लिनच्या जुन्या बाजारात दिसलं आणि मी घासाघीस न करता घेऊन टाकलं. शिल्पकार योहान गॉटफ्रीड शाडो याच्या जन्माला २२५ वर्षं झाली म्हणून काढलेलं. वजन १७ ग्रॅम, चांदी त्यातली निम्मीच. पुण्याहून आईने व्हिडिओ कॉलवर ते निरखलं आणि म्हणाली, "साडेआठ ग्रॅमसाठी एवढे पैसे? लक्ष्मी रोडवर नेऊन दाखवू नकोस, हसतील."

हसू देत. शाडो हा शिंप्याचा मुलगा, जन्म बर्लिनचा, १७६४ चा. ब्रांडेनबुर्ग दरवाज्यावरचा चार घोड्यांचा रथ त्याचाच. तो ओतीव नाही. तांब्याचे पत्रे ठोकून घडवलेला. आमच्या तांबट आळीतला आवाज आठवावा, तसंच काम, फक्त घोड्यांच्या मापाचं. १८०६ मध्ये नेपोलियनने तो पॅरिसला पळवला, १८१४ मध्ये परत आला, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या चिंध्या झाल्या. मूळ रथातलं एका घोड्याचं डोकं तेवढं उरलं. मार्किशेस म्युझियम नूतनीकरणासाठी बंद होण्याआधी मी ते पाहिलंय. आज वर दिसतो तो नवा रथ, १९५८ चा.

म्हणजे बघा, ज्या सरकारने शाडोचं नाणं पाडलं, त्याच सरकारच्या भिंतीमुळे १९६१ पासून लोकांना त्या दरवाज्याखालून जाता येत नव्हतं. आणि नाण्यावर साल कोणतं, तर १९८९! नोव्हेंबरात भिंत पडली, २२ डिसेंबरला दरवाजा उघडला, १ जुलै १९९० ला तिथे पश्चिमेचा मार्क आला.

मला मात्र रथापेक्षा वेगळ्याच गोष्टीची गंमत वाटते. नाण्यावर 'ए' अक्षर आहे, म्हणजे बर्लिनची टाकसाळ. १८०० च्या सुमाराला बर्लिनमध्ये नवी टाकसाळ बांधली, तेव्हा तिच्यावरची लांबलचक शिल्पपट्टी शाडोच्या कार्यशाळेनेच कोरली. आराखडा वास्तुकार फ्रीडरिश गिलीचा. विषय अर्थातच धातू आणि नाणी पाडण्याचं काम. ती इमारत पुढे गेली, पण पट्टीची प्रतिकृती मोल्केनमार्क्टवरच्या नंतरच्या टाकसाळीवर बसवली. पूर्व जर्मनीची नाणी पडायची ती तिथेच. बाहेर भिंतीवर शाडोचं काम आणि आत त्याच्याच नावाचे ठसे! इथून जाणाऱ्या-येणाऱ्यांतलं कुणी मान वर करून बघत नाही, हा भाग वेगळा.

खरा शाडो बघायचा तर आल्टे नॅशनलगॅलरीत जा. लुईझं आणि फ्रीडरिके या दोन राजघराण्यातल्या बहिणी, एकमेकींना बिलगून उभ्या, संगमरवरात. लुईझंच्या नवऱ्याला, म्हणजे राजाला, ते शिल्प आवडलं नाही आणि ते बरीच वर्षं अडगळीत गेलं. राजाची नजर अगदीच बेताची असावी.

२०१४ मध्ये, २५० व्या जन्मवर्षी, एकत्र जर्मनीनेही शाडोचं दहा युरोचं नाणं काढलं. त्याची चांदीची आवृत्ती १६ ग्रॅमची, पैकी दहा ग्रॅम चांदी. ते अजून मिळवायचंय. कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा, अदलाबदलीला माझ्याकडे बरंच काही आहे.