आमची वाटचाल : बांगडा मसाल्याचं पाकीट

लालबागला आमचा मसाला कुटायचा डंका वडिलांपासूनचा. मार्च ते मे सीझन, बायका ब्याडगी, संकेश्वरी निवडून आणणार, खडा मसाला भाजून घेणार आणि समोर उभं राहून कुटून घेणार. वर्षानुवर्षं तेच चाललं, छान चाललं. पण 2020 ला 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला तो नेमका सीझनच्या तोंडावर, मिरचीची पोती भरलेली आणि डंका बंद. तेव्हाच ठरवलं की नुसत्या कुटायच्या मजुरीवर राहायचं नाही, स्वतःचं पाकीट काढायचं. बांगड्याचा मसाला, तिरफळ घालून. तिरफळाची काळी बी आम्ही आजही हाताने काढतो, नुसती सालं घेतो, बी राहिली की कडवट लागतं.

छापील पाऊच काढायचा तर प्रत्येक रंगाचा छपाईचा सिलिंडर वेगळा, त्याचे पैसे आधी भरा, वर पाऊच किलोवारी उचला. म्हणून आम्ही कोरा पाऊच घेतला, वर स्टिकर आणि पायाने दाबायचं सीलिंग मशीन. नवीन धंदा करणाऱ्यांना माझं हेच सांगणं, माल चालेपर्यंत सिलिंडरमध्ये पैसे घालू नका.

मग आला तो डिस्ट्रिब्युटर. दादर ते बोरिवली सगळी दुकानं माझी म्हणाला, दहावर एक फ्री पाहिजे, क्रेडिट पाहिजे, दुकानात माल मांडायचे, डिस्प्लेचे पैसे वेगळे. आम्ही सगळं दिलं. माल उचलला पण तो त्याच्या गोडाऊनमध्येच पडून, दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणतो असं काही आलंच नाही. काही महिन्यांनी एक्सपायरीला आलेले खोके परत पाठवले, डॅमेज म्हणून बिलातून पैसे कापले आणि तोपर्यंत त्याचं स्वतःचं पाकीट बाजारात, तोच पिवळा-लाल स्टिकर, नावात एका अक्षराचा फरक. आम्ही क्लास 30 मध्ये, म्हणजे मसाले ज्या वर्गात येतात त्यात, ट्रेडमार्कचा अर्ज आधीच टाकला होता, वकिलाची नोटीस गेल्यावर नाव बदललं, पण आमचे पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. त्या वर्षी पगार द्यायला घरातलं सोनं ठेवावं लागलं, हे मी विसरणार नाही.

आम्हाला सावरलं ते माहीमच्या सिटीलाइट मार्केटातल्या कोळीण मावशींनी. त्यांचा घरचा मसाला आमच्याकडेच कुटायचा. म्हणाल्या, दे इकडे, मी ठेवते. बांगड्याचा वाटा घेतलेल्या बाईच्या पिशवीत पाकीट टाकायच्या आणि सांगायच्या, चिंच नको, कोकम घाल. एका वाट्याला एक पाकीट, वीस रुपये. मार्जिन दुकानदाराएवढंच, व्यवहार रोख. पुढच्या आठवड्यात तीच बाई पाकीट मागत आली की आम्हाला कळायचं, चाललं. मावशींनी बाजूच्या कोळणींना सांगितलं, तिथून भाऊच्या धक्क्यावर गेलं. डिस्ट्रिब्युटरने किती उचललं ते बघू नका, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं का ते बघा.

आणि वेळ बघा. जून-जुलैला मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. मासळीचं काही काढायचं असेल तर गणपती गेल्यावरच काढा, तेव्हा घराघरात मासे शिजायला लागतात.

आता कोळंबीचा मसाला करतोय. नमुना मावशींकडे दिलाय, अजून थोडी लवंगी मिरची घाला म्हणून परत आलाय.