दुपारी दीडचा फोन

अडीच वर्षांचा तो मुलगा माझ्यासमोर बसून वीसपर्यंत इंग्रजी आकडे म्हणत होता. पर्पल, ऑरेंज, ट्रँगल, सगळं स्पष्ट. आजी कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. मग त्याला तहान लागली. त्यानं आजींचा हात धरला, बाटलीवर नेऊन ठेवला. तोंडातून आवाज नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. आईला ‘आई’ म्हणून त्यानं अजून हाक मारलेली नव्हती.

मी इचलकरंजीत स्पीच थेरपिस्ट आहे. आकडे येतात, रंग येतात, पण मागता येत नाही, अशी मुलं आता माझ्याकडे सारखी येतात. घरच्यांना वाटतं, एवढं येतंय तर बोलणंही येईल. पण पाठ म्हणणं आणि कुणाला तरी काहीतरी सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही मुलं आकडे-रंग मोबाईलवरच्या व्हिडिओंतून शिकतात. तिथं स्क्रीनवरची बाई ‘सांग बरं, हा कुठला रंग?’ असं विचारते आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाते.

कानांची तपासणी आधीच झाली होती, ऐकू नीट येत होतं. आईनं विचारलं, “मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय ते व्हर्च्युअल ऑटिझम, तेच का हे?” फार स्क्रीन बघणाऱ्या मुलांत स्वमग्नतेसारखी, म्हणजे ऑटिझमसारखी लक्षणं दिसली की लोक हे नाव देतात; पण त्या नावाचं अधिकृत निदान नाही, हे मी तिला सांगितलं. स्वमग्नता आहे की नाही, ते मुलाला नीट तपासूनच ठरतं; म्हणून बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, 2 ते 5 वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना, हे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही समजावलं. हा पाच-सहा तास बघत होता. मी कागदावर लिहिलं: मोबाईल पूर्ण बंद.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. पोरगं दोन दिवस दुधावर होतं, भिंतीवर डोकं आपटत होतं. “तुम्ही लिहून दिलं मॅडम, पण करायचं कुणी?”

रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

एक खोली, पुढे पडवी. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. त्या खटखटीनं फळीवरची भांडी थरथरत होती. पडद्याआड मुलाचे वडील झोपलेले, त्यांची रातपाळी. आई सकाळीच दुसऱ्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला गेलेली. दारातल्या बोळातून सुताचे टेम्पो जात होते, आणि आजींच्या गुडघ्यांत पोरामागं धावण्याचं बळ नव्हतं. त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, “खटखटीची त्येला सवय हाय, पर पोरगं वरडलं की जाग येती. रातच्याला मागावर डुलकी लागली तर बोट जाईल एखांदं.”

तो मोबाईल कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. एका माणसाच्या झोपेसाठी घर गप्प ठेवायचं होतं. माझ्या कागदावर याचा विचारच नव्हता.

दीड वाजता फोन वाजला. जेवणाच्या सुट्टीत आई रोज व्हिडिओ कॉल करते. तिच्या मागे माग चालू, शब्द एकही ऐकू येईना. मागावरची माणसं एरवीही हातवाऱ्यांनीच बोलतात, तसंच तिनं केलं. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली, भुवया उंचावल्या: जेवलास? आणि थांबली. मुलगा बघत राहिला. तिनं पुन्हा खूण केली, पुन्हा थांबली. मग त्यानं आपली बोटं जुळवली आणि तोंडाशी नेली.

मी आजींचा हात घट्ट धरला. शब्दांच्या आधी खुणा येतात. बाळ टाटा करतं, बोट दाखवतं, मग बोलतं. या मुलाची ती पायरी राहून गेली होती, आणि तीच मला त्या फोनवर दिसत होती. आजींना मात्र त्यात नवल नव्हतं. “आई रोज करती की त्येला तसं,” त्या म्हणाल्या.

तिथंच पडवीत बसून आम्ही नवीन कागद केला. दीडचा फोन चालू ठेवायचा. आईनं खूण करून थांबायचं, मनात दहा आकडे मोजायचे. आजींनी प्रत्येक घासाआधी तीच खूण करायची. मोबाईल एकदम बंद नाही. आधी फक्त रात्रीच्या जेवणातून काढायचा, कारण तेव्हा आई घरात असते. दुपारी आजी निवडतील ती एकच चित्रफीत, आपोआप पुढची लागते ती सोय मी बंद करून दिली. आवाज बंद, आणि काय दिसतंय ते आजींनी त्याच्या कानात सांगायचं. म्हैस दिसली की “म्हस”. झोपलेल्या माणसाला त्याचा त्रास नव्हता.

दीड महिना झाला. रात्रीच्या जेवणातून मोबाईल गेला, दुपारचा अजून तासाभराच्या वर जातो. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्या काय म्हणतात ते बघायचं.

परवा आजी सांगत होत्या, दीड वाजायच्या सुमारास तो फोन उचलून त्यांच्याकडे आणतो आणि पदर ओढतो. पदर ओढताना त्यांच्या तोंडाकडे बघतो.